जाळ्याचा आस आणि रस्त्याचं वळण

साशंक : रस्ता सुरक्षा आणि मासेमारी ही तुमच्या लेखी दोन वेगळी खाती आहेत. किनाऱ्यावर राहणाऱ्या मला ती एकाच दुखण्याची दोन नावं वाटतात. आमच्या गावाच्या वरच्या अंगाने महामार्ग जातो, खालच्या अंगाला बंदर आहे. वर फलक आहे, ‘वेग मर्यादेत ठेवा’. खाली फलक आहे, ‘लहान मासळी पकडू नका’. दोन्ही फलक खरं तेच सांगतात आणि दोन्हींच्या समोर रोज नेमकं उलट घडतं. २०१५ साली ब्राझिलियाच्या रस्ता सुरक्षा परिषदेत आपल्या देशाने कबूल केलं की २०२० पर्यंत रस्त्यावरचे मृत्यू निम्म्यावर आणू. परिषदेच्या त्या वर्षी मृत्यू होते १,४६,१३३. २०२२ साली ते १,६८,४९१ झाले. त्यात दर तीन माणसांतली दोन १८ ते ४५ वयातली, म्हणजे घर चालवणारी होती. आता समुद्राकडे बघा. २०१९ साली महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर फक्त २.०१ लाख टन मासळी उतरली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या नोंदींप्रमाणे ४५ वर्षांतला तो नीचांक होता. या काळात कायदे कमी झाले नाहीत. २०१६ साली मासळीचा अख्खा थवा वेढणाऱ्या पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध आले, २०१७ साली एलईडीच्या उजेडातल्या मासेमारीवर बंदी आली, २०१९ साली मोटार वाहन कायद्यातले दंड कितीतरी पटींनी वाढले. म्हणून मी विचारतो, नियम करणं आणि माणूस किंवा मासा वाचवणं यांचा एकमेकांशी खरोखर काही संबंध उरला आहे का?

आग्रही : तुमची तळमळ मला कळते, पण तुम्ही दोन गोष्टींची गल्लत करताय. औषध घेऊन गुण न येणं वेगळं आणि औषधाची बाटली फडताळात तशीच राहणं वेगळं. जिथे नियम नीट राबवला तिथे काय झालं तेही बघा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ साली १५१ माणसं मेली होती. त्याच वर्षी सेव्हलाइफ फाउंडेशन ही संस्था, महामार्ग पोलीस आणि रस्ते विकास महामंडळ यांनी एकत्र येऊन तो रस्ता अक्षरशः पायी पालथा घातला. कुठे कठड्याचं टोक उघडं आहे, कुठे दुभाजकात खांब उभा आहे, कुठे बंद पडलेला ट्रक रात्रभर तसाच राहतो, अशी एकेक जागा हेरून दुरुस्त केली. सोबत वेगावर नजर ठेवली. २०१९ साली मृत्यू ९२ वर आले. हा रस्ता याच देशातला आणि त्यावरून जाणारी माणसंही तुमच्या-आमच्यासारखीच. मासेमारीतही नियम केवळ मंत्रालयातून उतरलेला नाही. १९७० च्या दशकात किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या गोव्याच्या रापणकारांनी ट्रॉलरविरुद्ध लढा उभा केला. माथानी साल्ढाणांसारखे कार्यकर्ते त्यात उतरले, म्हणून १९८० साली गोव्याचा आणि १९८१ साली महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा आला. तो कायदा किनाऱ्याने मागून घेतला होता. त्याला आज फलकाच्या मोलाचा ठरवणं म्हणजे मागणाऱ्यांचे कष्ट विसरणं.

साशंक : विसरलेलो नाही. त्यांनी जे मागितलं ते मिळालं नाही, हेच माझं म्हणणं आहे. कोळ्याच्या जाळ्याचा आस, म्हणजे छिद्र, मोठा असला की लहान मासा सुटतो आणि मोठा अडकतो. सरकारच्या दंडाचं जाळं उलट विणलेलं आहे. चौकात हेल्मेट नसलेला दुचाकीस्वार अडतो, कारण तो हळू चालतो आणि त्याला थांबवणं सोपं असतं. क्षमतेपेक्षा जास्त चिरा भरलेला डंपर रात्री त्याच चौकातून निघून जातो. अर्धवट कामाच्या वळणावर बिनचकाकीचे ड्रम ठेवून निघून गेलेला ठेकेदार तर चौकात कधी येतच नाही. माझ्या ओळखीचा एक मुलगा अशाच ड्रमवर आदळून गेला. पावसाची रात्र होती. वळण कुठल्या बाजूला दिलंय हे सांगणारा बाण चिखलाने माखला होता. पोलिसांच्या कागदावर कारण नोंदवलं गेलं, वाहनावरचं नियंत्रण सुटणं. नियंत्रण सुटलं हे खरं, पण कुणाचं, ते त्या कागदावर नाही. समुद्रातही तसंच. बारा सागरी मैलांच्या आत घुसणारे दुसऱ्या राज्यांचे हायस्पीड ट्रॉलर मालवणच्या मच्छीमाराला डोळ्यांनी दिसतात, पण गस्ती नौका पोहोचेपर्यंत ते खोल पाण्यात निघून गेलेले असतात. तपासायला सोपी होडी उरते ती आपल्याच वाडीतली. ई-चलान वेळेवर भरणारा पुरा दंड भरतो. वर्षानुवर्षं साठवणाऱ्याला लोकअदालतीत सूट मिळते. यातून माणूस काय शिकेल?

आग्रही : तो धडा चुकीचा आहे, हे मी मान्य करतो. पण बदल होतच नाही असं नाही. पूर्वी बेकायदा मासेमारीचा खटला तहसीलदारापुढे चालायचा. दहा कामांच्या ढिगात तो तळाला जायचा आणि तोवर नौका दुसऱ्या फेरीला निघायची. मासेमारी कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीने ते अधिकार मत्स्यव्यवसाय खात्याच्याच अधिकाऱ्याकडे आले आणि दंड लाखांत गेला. २०२५ च्या जानेवारीपासून किनाऱ्यावर ड्रोनने पाहणी सुरू झाली. हे पुरेसं नाही, पण आस बदलायला सुरुवात झाली आहे. मला मात्र तुमच्या तुलनेतच एक फट दिसते आणि ती नीट बघितली नाही तर दोन्हीकडचं धोरण चुकेल. हेल्मेट आणि जाळ्याचा आस या वरवर सारख्या गोष्टी आहेत, दोन्ही नियमच. पण हेल्मेट घालणाऱ्याचं डोकं त्याचं त्यालाच वाचतं. शेजाऱ्याने घातलं काय, न घातलं काय, माझा फायदा मला मिळतो. मोठ्या आसाचं जाळं घेऊन गेलेल्या मच्छीमाराने सोडलेला मासा मात्र मोठा होऊन त्याच्याच जाळ्यात येईल याची खात्री कुणी देत नाही. एकाचा नियम स्वतःला राखतो, दुसऱ्याचा नियम सगळ्यांना राखतो आणि पाळणाऱ्याला त्या दिवसापुरता रिकामा ठेवतो. म्हणून रस्त्यावर दंड आणि प्रबोधन यांचा जितका उपयोग होतो तितका समुद्रात होणार नाही.

साशंक : ही फट मी बंदरावर उभा राहून पाहिली आहे. संध्याकाळच्या लिलावाला एक टोपली वाळूवर उपडी झाली. पापलेटं होती, एकेक जेमतेम चार बोटं लांब. अंगावरची चांदी अजून ओली होती, शेपटीची टोकं पातळ, पारदर्शक. राज्य सरकारने २०२३ साली पापलेटाला राज्य मासा केलं आणि ५४ जातींच्या मासळीसाठी किमान लांबी ठरवून दिली. पापलेटाची १३५ मिलिमीटर, बोंबलाची १८०. त्या टोपलीतलं एकही पापलेट त्या मापात बसणारं नव्हतं. मी होडीच्या तांडेलाला विचारलं, हे का आणलं? तो चिडला नाही. म्हणाला, “जाळं वर घेतलं तेव्हाच ती मेलेली होती. पाण्यात परत टाकली तर कावळ्या-घारींना, इथे आणली तर डिझेलचे तरी सुटतात. आणि मी आस मोठा केला तर मागून येणारा बारीक जाळ्याने तीच पिल्लं उचलतो. माझं पुण्य त्याच्या टोपलीत.” या माणसाला काय शिकवायचं राहिलंय? मासा कमी का झाला हे त्याला कुठल्याही अधिकाऱ्यापेक्षा जास्त कळतं. पण तुमची विभागणीही मला पुरती पटत नाही. रस्त्यावर सगळे नियम हेल्मेटसारखे नसतात. रस्त्यांवरच्या दर दहा मृत्यूंतले सुमारे सात वेगाच्या नोंदीखाली येतात. आणि वेगाचं गणित अगदी त्या तांडेलासारखं आहे. डंपरच्या चालकाला खेपेवर पैसे मिळतात. तो घाटात तीसने उतरला तर त्याची एक खेप बुडते आणि ती खेप मागचा डंपर करतो. खाजगी बसच्या चालकाला पहाटे सहाला पोहोचायचंच असतं, कारण तिकीट विकताना तीच वेळ सांगितलेली असते. त्यालाही नियम पाळून तोटाच होतो.

आग्रही : मग रेषा रस्ता आणि समुद्र यांच्यामध्ये नाही, हे मी मान्य करतो. ती दोन्हींच्या आतून जाते. एका बाजूला ते नियम, जे पाळणाऱ्याचं भलं करतात. दुसऱ्या बाजूला ते, जे पाळणाऱ्याला त्याच दिवशी झळ देतात. पहिल्यांसाठी समजावणं आणि दंड पुरतो. दुसऱ्यांसाठी सरकारला एक जास्तीचं काम करावं लागतं, नियम पाळणारा मागे पडणार नाही अशी तजवीज. मी म्हणतो, ती अशक्य नाही. चालकाची खेपेवरची मजुरी बदलून तासावर आणता येते, त्याच्या कामाच्या तासांची नोंद ठेवता येते. समुद्रात १ जून ते ३१ जुलै ही ६१ दिवसांची बंदी यांत्रिक नौकांवर असते आणि ती बऱ्यापैकी पाळली जाते. का? एक तर समुद्र खवळलेला असतो, आणि दुसरं, बंदी सगळ्यांना एकाच दिवशी लागते. शेजाऱ्याची होडीही वाळूवर ओढलेली दिसते, म्हणून आपली ओढलेली सलत नाही. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन मगच होड्या पाण्यात लोटायच्या, ही रीत सरकारी बंदीच्या कितीतरी आधीची आहे. त्या रीतीला गस्ती नौका लागत नव्हती. सगळे एकत्र थांबले तर थांबणं सोसतं.

साशंक : थांबणं सोसतं की नाही ते हिशेबाने बघू. बंदीच्या आणि मंदीच्या काळात गरीब मच्छीमार कुटुंबाला आधार म्हणून केंद्राची योजना आहे. तीन महिन्यांसाठी एकूण ४,५०० रुपये मिळतात आणि त्यातले १,५०० त्याने स्वतः आधी भरलेले असतात. म्हणजे दिवसाला पन्नास रुपये, त्यातलाही एक तृतीयांश त्याच्याच खिशातला. होडीच्या कर्जाचा हप्ता बंदीत थांबत नाही. जाळ्याची दुरुस्ती, इंजिनाचं काम याच दिवसांत निघतं. मग ऑगस्टमध्ये समुद्र उघडला की पहिल्या पंधरवड्यातच सगळं भरून काढायची घाई होते, आणि बंदीत वाढू लागलेलं मत्स्यबीज त्याच पंधरवड्यात उपसलं जातं. पाळणाऱ्याला सांभाळायची जबाबदारी सरकारची, असं तुम्ही म्हणता. मी विचारतो, सरकार ती जबाबदारी मानतं याची खूण कुठे दिसते? मला तर खूण उलटी दिसते आणि ती सरकारच्या मोजणीत आहे. ज्याचं मोजमाप होतं त्याचीच काळजी घेतली जाते. महामार्ग खात्याने अभिमानाने काय सांगितलं? २०२०-२१ मध्ये दिवसाला सुमारे ३७ किलोमीटर रस्ता बांधला. केंद्राच्या मत्स्य संपदा योजनेने काय ठरवलं? २०२४-२५ पर्यंत २२० लाख टन उत्पादन. किलोमीटर आणि टन. ज्या रस्त्यावरून मूल शाळेत सुखरूप जातं, त्याला दिवसाच्या मोजणीत जागा नाही. आणि जे पापलेट आज पाण्यातच राहिलं, ते टनांच्या हिशेबात तोटा म्हणून दिसतं.

आग्रही : टनांबद्दल थोडा न्याय करा. त्या २२० लाखांतला फार मोठा वाटा तळ्यांतल्या आणि शेतातल्या मत्स्यपालनाचा आहे, सगळा ताण समुद्रावर नाही. आणि रस्तेही हवेत. सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल २०१६ च्या ऑगस्टमध्ये एसटीच्या दोन बसगाड्यांसह वाहून गेला, तेव्हा वर्षभराच्या आत नवा पूल उभा राहिला. वेगाने बांधणं हा गुन्हा नाही. पण मोजणीचा तुमचा मुद्दा मी डावलत नाही, उलट पुढे नेतो. रस्त्यावर निदान एक गोष्ट मोजली जाते, ती म्हणजे मेलेला माणूस. त्याचा पंचनामा होतो, शवविच्छेदन होतं, विम्याचा दावा लागतो. कारण चुकीचं लिहिलं तरी संख्या लपत नाही. म्हणून ती बोचते, न्यायालयापर्यंत जाते, २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाला रस्ता सुरक्षेसाठी समिती नेमावी लागते. समुद्रात कमी झालेल्या माशाचा पंचनामा होत नाही. जो मासा जन्मलाच नाही त्याची तक्रार कोण नोंदवणार? संशोधन संस्थेची माणसं बंदराबंदरांवर उतरलेली मासळी पाहून अंदाज बांधतात. ते काम मोलाचं आहे, पण ते उतरलेल्या माशाचं, पाण्यात राहिलेल्याचं नाही. म्हणून मला वाटतं, पहिली सुधारणा दंडाची नको, नोंदीची हवी. बंदरावर टनाबरोबर लांबी मोजा. महामार्गावर किलोमीटरबरोबर त्या किलोमीटरवर किती माणसं मेली तेही त्याच फलकावर लिहा. खात्याला रोज ते वाचावं लागलं तर खातं बदलेल.

साशंक : तुम्ही मोजणीवर फार भिस्त ठेवताय. अपघातप्रवण जागा कशी ठरते ते बघा. साधारण ५०० मीटरचा तुकडा, तीन वर्षांत तिथे मृत्यूचे किंवा गंभीर जखमांचे पाच अपघात व्हायला हवेत, किंवा दहा माणसं मरायला हवीत. मग तो कागदावर ‘ब्लॅक स्पॉट’ होतो, मग निधी, मग निविदा. गावातल्या बाईला ते वळण वाईट आहे हे पहिल्याच पावसात कळलेलं असतं. ती मुलांना सांगते, तिकडून जाऊ नका. तिच्या शहाणपणाला कुठल्या रकान्यात जागा आहे? दहावा माणूस मरेपर्यंत नऊ जणांचं मरण म्हणजे केवळ पुरावा जमणं. समुद्रातही पुरावा जमेपर्यंत थांबण्याची किंमत एका देशाने मोजली आहे. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्यावर सरकारी शास्त्रज्ञ होते, नोंदी होत्या, कोटे होते. किनाऱ्यालगतचे लहान मच्छीमार १९८० च्या दशकात सांगत होते की कॉड लहान होतोय, कमी होतोय. त्यांचं बोलणं आकडेवारी म्हणून धरलं गेलं नाही. जुलै १९९२ मध्ये मासेमारी बंद करावी लागली, तीसेक हजार लोकांचं काम एका झटक्यात गेलं. दोन वर्षांसाठी म्हणून सुरू झालेली ती बंदी २०२४ पर्यंत चालली, आणि उठली तीही अगदी थोड्या मासेमारीपुरती. मोजणी होती, पण कुणाचं बोलणं मोजायचं हे आधीच ठरलेलं होतं.

आग्रही : हे ऐकून मला माझं म्हणणं दुरुस्त करावंसं वाटतं. नुसती जास्त नोंद नको, त्या बाईची आणि त्या तांडेलाची नोंद आधी हवी. दहावा मृत्यू होण्याआधी ग्रामसभेने दाखवलेलं वळण तपासायचं बंधन असायला हवं. आणि न्यूफाउंडलंडशेजारी मी दुसरा देश ठेवतो. स्वीडनच्या संसदेने १९९७ साली एक भूमिका घेतली : माणूस चुकणारच, पण त्याच्या चुकीची शिक्षा मरण असता कामा नये. म्हणून अपघाताची जबाबदारी चालकावर टाकून थांबायचं नाही, रस्ता आखणाऱ्यावरही टाकायची. दोन दिशांच्या वाहतुकीमध्ये तारांचे कठडे आले, चौकांच्या जागी वाहतूक वर्तुळं आली, वस्तीतला वेग उतरला. माणसं जास्त सद्गुणी झाली म्हणून मृत्यू घटले नाहीत. चुकायला जागा ठेवणारा रस्ता झाला म्हणून घटले. ही दृष्टी समुद्राला लावून बघा. तांडेलाकडून आपण रोज त्यागाची अपेक्षा करतो, मागून येणारा उचलणार हे माहीत असताना पिल्लं सोडायला सांगतो. ही अपेक्षा कुणाही माणसाकडून चुकीची आहे. प्रश्न असा हवा की हा समुद्र असा आखला कुणी?

साशंक : याचं उत्तर मला माहीत आहे, आणि ते मच्छीमाराच्या विरोधात जात नाही. समुद्र सरकारनेच असा आखला. स्वातंत्र्यानंतर यांत्रिक नौका आणायला कर्ज दिलं, अनुदान दिलं, डिझेलवर परतावा दिला, बर्फाचे कारखाने आणि बंदरं बांधली. त्या वेळी हेतू वाईट नव्हता. लोकांना प्रथिनं हवी होती, कोळ्याला चार पैसे हवे होते. पण नौकांची संख्या कुठे थांबवायची हे ठरवलं नाही. राज्य सरकारच्या सोमवंशी समितीने पर्ससीनबद्दल इशारा दिला तोवर जाळी पाण्यात होती, कर्जं डोक्यावर होती. २०१६ च्या आदेशाने पर्ससीनला वर्षाचे चारच महिने दिले, पण त्या नौकेचा हप्ता बारा महिन्यांचा आहे. मग उरलेले आठ महिने ती काय करेल? रात्री उजेड टाकेल, नाहीतर हद्द ओलांडेल. त्या मालकाला मी पाठीशी घालत नाही. पण त्याला दंड करणाऱ्या हातानेच त्याला परवाना दिला होता.

आग्रही : म्हणजे आखणाऱ्याला जबाबदार धरायचं, इथे आपण दोघे आलो. तर मग एक गोष्ट लक्षात घ्या, रस्त्याच्या कायद्यात त्याची सुरुवात झाली आहे. २०१९ च्या दुरुस्तीत १९८-अ हे कलम आलं. रस्त्याची आखणी, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे केली नाही आणि त्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर ठेकेदार, सल्लागार किंवा जबाबदार यंत्रणेला एक लाख रुपयांपर्यंत दंड. एक लाख ही रक्कम तुम्हाला तुटपुंजी वाटेल, मलाही वाटते. पण कायद्याने पहिल्यांदा बोट चालकाकडून रस्त्याकडे वळवलं. मासेमारीच्या कायद्यात असं कलम नाही. परवाने जास्त दिले म्हणून, गस्त घातली नाही म्हणून, खाडीत रसायनं सोडू दिली म्हणून कुणी उत्तरदायी नाही. मी आता आग्रह कशाचा धरेन तर याचा. कोळ्याच्या जाळ्याचा आस मोजण्याआधी परवान्यांचा आस मोजा.

साशंक : ते कलम मलाही मोलाचं वाटतं, फक्त त्या ड्रमवर आदळलेल्या मुलाच्या आईने ते वापरायचं कसं, हे मला कुणी सांगितलेलं नाही. मानक काय होतं, काम कुणाचं होतं, रात्री तो बाण कुणी पुसायचा होता, हे सिद्ध करण्याचं ओझं तिच्यावर आलं, तर कलम असून नसल्यासारखंच. पण ते राहू द्या. माझी खरी अडचण पुढे आहे. रस्ता दुरुस्त केला तर फळ वर्षभरात दिसतं. कठडा बसवला, वळण सरळ केलं, पुढच्या पावसाळ्यात त्या जागी कुणी मेलं नाही. मंत्र्याला ते सांगता येतं, गावाला ते दिसतं. मासा असा परत येत नाही. नौका कमी केल्या, आस मोठा केला, पिल्लं सोडली, तरी भरवसा नाही. समुद्र तापतोय, खाड्यांत मैला आणि रसायनं जातायत, मासळीची जागा बदलतेय. २०१९ च्या त्या नीचांकातही त्या वर्षीच्या वादळांचा हात होता. म्हणजे तुम्ही तांडेलाला असं सांगणार की आज सोड, काही वर्षं सोड, आणि तरी कदाचित येणार नाही. असं वचन त्याने का घ्यावं?

आग्रही : कारण दुसरं वचन त्याहून वाईट आहे. आज सोडलं नाही तर येणारच नाही, हे मात्र बऱ्यापैकी खात्रीचं आहे. पण तुमचं बरोबर आहे, एवढ्यावर कुणाला थांबवता येत नाही. रापणीचं मला नेहमी आठवतं. होडी जाळं अर्धगोल टाकत जाते, दोरांची दोन टोकं किनाऱ्यावर येतात आणि मग अख्खी वाडी ओढते. म्हातारा हात लावतो, शाळेतलं पोर हात लावतं. जाळं रिकामं आलं तर सगळ्यांचं रिकामं, भरलं तर दोराला हात लावलेल्या प्रत्येकाला वाटा. रिकाम्या दिवशी कुणी एकटा बुडत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी दोर ओढायला माणसं येतात. अनिश्चित फळासाठी माणूस कष्ट करतो, फक्त तोटा वाटून घेणारे हात दिसायला हवेत. वाट बघण्याच्या वर्षांत सरकारने दोराला तसा हात लावायला हवा. पन्नास रुपये रोज म्हणजे दोर ओढणं नव्हे. हप्ता पुढे ढकलणं, जादा नौका मोबदला देऊन कायमच्या काढून घेणं, खलाशाला बंदीच्या दिवसांत कांदळवनाचं, किनारा साफ करण्याचं, मासळी मोजण्याचं रोजाचं काम देणं, हे ओढणं. आणि महामार्गावर तोच नियम. संथ चालवणाऱ्या चालकाची बुडालेली खेप त्याच्या पगारातून कापू द्यायची नाही.

साशंक : नौका काढून घ्यायची म्हणता. मालकाला मोबदला मिळेल, त्याच्या नौकेवरच्या खलाशांना कोण विचारणार? मासळी विकून घर चालवणाऱ्या बाईच्या टोपलीला मोबदल्याच्या यादीत जागा असेल? आणि हे पैसे ज्यांच्या करातून येतील, त्या किनाऱ्यापासून आत राहणाऱ्या माणसाला, तो समुद्राचं काय देणं लागतो, हे कसं पटवणार? तो म्हणेल, माझ्या गावात पाऊस नाही, मला आधी पाणी द्या. त्याचंही खोटं नाही.

आग्रही : नाही. आणि याचं पुरतं उत्तर माझ्याकडे नाही. मी इतकंच म्हणतो की हा प्रश्न योग्य जागी आला. सुरुवातीला आपण भांडत होतो, नियम कडक हवा की निरुपयोगी आहे. आता प्रश्न उरलाय की वाट बघण्याचा खर्च कुणी उचलायचा. तो आज तांडेल उचलतो, चालक उचलतो, त्या मुलाची आई उचलते, आणि सरकार फलक लावतं. हा खर्च वाटला जात नाही तोवर नवा दंड म्हणजे ओझं वाहणाऱ्याच्याच पाठीवर आणखी एक गोणी.

साशंक : या वाक्याशी माझं भांडण नाही. तरी एक सांगतो, म्हणजे मी नियमाचाच वैरी आहे असा समज नको. त्या मुलाच्या दिवसानंतर मी कोपऱ्यावरच्या दुकानात जातानाही हेल्मेट घालतो. माझं मला करता येतं, कारण त्यात माझं काही जात नाही. उद्या पहाटे तो तांडेल जाळं वर घेईल. मेलेली पिल्लं वर येतील आणि पाचशे हातांवर दुसरी होडी असेल. तुमचं सगळं पटूनही त्या क्षणी त्याने काय करावं, हे मी त्याला सांगू शकत नाही. तुम्ही सांगू शकाल?

आग्रही : आज नाही. आज मी फक्त त्याची टोपली मोजायला बसू शकतो, त्याच्या शेजारी, लांबी लिहून घेत. आणि ती वही कुणापुढे ठेवायची, ते त्यालाच विचारीन.